सीटी स्कॅनमध्ये आतड्याची भिंत जाड दिसली, तर पुढे काय करायचे

पोटाच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये शेवटी ‘इम्प्रेशन’ नावाचा भाग असतो. तिथे ‘बॉवेल वॉल थिकनिंग’, ‘म्युरल थिकनिंग’ किंवा ‘सर्कमफरेन्शियल थिकनिंग’ असे शब्द दिसले की बहुतेक घरांत दोनच नावे घेतली जातात: कॅन्सर किंवा टीबी. दोन्ही असू शकतात, हे खरे. पण चार दिवसांत आपोआप बरा होणारा जंतुसंसर्ग, लिव्हरच्या आजारामुळे आलेली सूज, एवढेच काय, स्कॅनच्या वेळी मिटलेले अगदी निरोगी आतडे, यांच्याही रिपोर्टमध्ये हेच शब्द येतात. भिंत जाड दिसणे हे निरीक्षण आहे, निदान नव्हे. ते निदान कसे शोधायचे, कोणत्या क्रमाने, आणि कुठे घाई केली की पुढची वाट बंद होते, हे इथे दिले आहे. नागपुरात किंवा विदर्भातून नागपूरला येऊन तपासणी करणारे रुग्ण, त्यांचे नातेवाईक, आणि हा रिपोर्ट ज्यांच्या टेबलावर सर्वांत आधी येतो ते नवे फॅमिली डॉक्टर, या सगळ्यांसाठी.

पायरी १: आजच दवाखाना गाठायचा का, ते ठरवा

बाकी सगळे वाचण्याआधी हे तपासा. पोट अचानक आणि असह्य दुखू लागले आहे, पण डॉक्टर हात लावून बघतात तेव्हा पोट मऊच लागते, रुग्णाचे वय साठीच्या पुढे आहे आणि हृदयाचे ठोके अनियमित असल्याचे आधीपासून माहीत आहे, अशी स्थिती असेल तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटला असण्याची शंका आधी घ्यावी लागते. यात हिशेब तासांचा असतो. पोट कडक झाले आहे, गॅस आणि संडास दोन्ही बंद होऊन उलट्या सुरू आहेत, संडासातून पुष्कळ रक्त जाते आहे, किंवा केमोथेरपी सुरू असताना ताप आणि पोटदुखी आहे, अशा वेळीही वाट पाहू नका.

रिपोर्टमधले काही शब्दही तसेच तातडीचे असतात: ‘फ्री एअर’ किंवा ‘न्युमोपेरिटोनियम’, म्हणजे आतड्याबाहेर हवा. ‘न्युमॅटोसिस’, म्हणजे भिंतीतच हवा. ‘पोर्टल व्हेनस गॅस’, म्हणजे लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत हवा. भिंत ‘नॉन-एन्हान्सिंग’ आहे, म्हणजे तिच्यात रक्त पोहोचत नाही. मेसेंटरिक, म्हणजे आतड्याच्या, शिरेत किंवा धमनीत ‘थ्रॉम्बस’, म्हणजे रक्ताची गुठळी. ‘क्लोज्ड लूप ऑब्स्ट्रक्शन’, म्हणजे आतड्याचा वेढा दोन्ही टोकांनी अडकलेला. यांपैकी काही लिहिले असेल आणि रुग्णाला त्रास होत असेल, तर सोमवारच्या ओपीडीसाठी थांबायचे नाही. नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालये आणि मिहानमधले एम्स, तिन्हीकडे अपघात-आपत्कालीन विभाग रात्रीही सुरू असतो. गडचिरोली किंवा गोंदियाहून निघत असाल तर मूळ सीडी सोबत घ्या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर सर्जनला निर्णय घेता येत नाही.

पायरी २: स्कॅन कोणता झाला होता

मुतखड्यासाठी काढलेला साधा सीटी, ज्यात शिरेतून कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या आणि अवयव उठून दिसावेत म्हणून द्यायचे औषध) दिलेले नसते, तो आतड्याबद्दल फार थोडे सांगतो. त्यात ‘थिकनिंग’ लिहिले असेल तर तो शंकेचा मुद्दा समजावा, त्यापलीकडे काही नाही. कॉन्ट्रास्ट देऊन काढलेल्या सीटीमध्ये भिंतीचे थर वेगळे दिसतात, आणि अर्थ लावण्याची सुरुवात तिथूनच होते.

लहान आतड्यासाठी सर्वांत उपयोगी प्रकार म्हणजे सीटी एन्टेरोग्राफी. यात मॅनिटॉल मिसळलेले साधारण दीड लिटर पाणी ४५ ते ६० मिनिटांत थोडे थोडे प्यायला देतात. पाण्यामुळे आतडे फुगते आणि भिंत खरोखर किती जाड आहे ते कळते. पुष्कळ जण अर्धे पाणी पिऊन ‘आता नाही जात’ म्हणतात, आणि मग शेवटचा भाग, जिथे आजार असण्याची शक्यता सर्वाधिक, तोच मिटलेला राहतो. पाणी एकदम ढोसले तर उलटी होते. दर दहा मिनिटांनी एक ग्लास, असा वेग ठेवला तर जमते. मॅनिटॉलमुळे नंतर काही तास पातळ संडास होतात, म्हणून स्कॅन झाल्याबरोबर लांबच्या एसटीत बसू नका.

पायरी ३: मिलिमीटरचा आकडा आणि त्यामागची अट

नीट फुगलेल्या लहान आतड्याची भिंत १ ते २ मिलिमीटर असते. ३ मिलिमीटरच्या वर गेली की जाड म्हणतात. मोठ्या आतड्यालाही फुगलेले असताना ३ मिलिमीटरपर्यंतच सामान्य मानतात, पण ते मिटलेले असेल तर ५ मिलिमीटरपर्यंतही काही बिघडलेले नसते. हवा नसलेल्या फुग्याचे रबर जाड लागते, तसेच हे आहे. जठराचे शेवटचे टोक, अँट्रम, तर निरोगी माणसातही १० ते १२ मिलिमीटर दिसू शकते.

म्हणून रिपोर्टमध्ये आकडा असेल तर त्याच्या शेजारी ‘डिस्टेन्डेड’ किंवा ‘कोलॅप्स्ड’ यापैकी काय लिहिले आहे ते शोधा. दोन्ही नसेल तर रेडिओलॉजिस्टना विचारायचा पहिला प्रश्न हाच: ‘त्या जागी आतडे फुगलेले होते का?’ स्कॅन सेंटरवर रिपोर्ट घेताना हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. उत्तर ‘नव्हते’ असे आले आणि रुग्णाला काही त्रास नसेल, तर डॉक्टर बहुधा सोनोग्राफी किंवा दुर्बिणीने तेवढीच जागा पुन्हा बघतात.

पायरी ४: किती लांब, एकसारखी की एका बाजूला

जाड भागाची लांबी ५ सेंटिमीटर किंवा कमी असेल तर तिला ‘फोकल’ म्हणतात, ६ ते ४० असेल तर ‘सेगमेंटल’, त्याहून जास्त असेल तर ‘डिफ्यूज’. लांब पट्टा बघून लोक जास्त घाबरतात, पण खरे तर उलटे आहे. लांबवर पसरलेली, चहूबाजूंनी सारखी सूज बहुतेक वेळा संसर्ग, दाह, रक्तपुरवठ्याची अडचण किंवा अंगातले प्रोटीन कमी झाल्याने असते. काळजी करायची ती छोट्या, एका बाजूला जास्त जाड, अचानक सुरू होऊन अचानक संपणाऱ्या भागाची, ज्याला ‘शोल्डरिंग’ म्हणतात. तिथे कॅन्सर नाही हे सिद्ध करावे लागते. या नियमाला मोठा अपवाद लिम्फोमाचा (लिम्फ पेशींच्या कॅन्सरचा): तो लांब पसरतो, भिंत पुष्कळ जाड करतो, तरी आतडे अडवत नाही, कधी कधी उलट फुगवून रुंद करतो.

पायरी ५: भिंतीने कॉन्ट्रास्ट कसे घेतले, आजूबाजूला काय आहे

‘टार्गेट साइन’ किंवा ‘वॉटर हॅलो’ लिहिले असेल तर मधल्या थरात पाणी साचले आहे. हे ताज्या सुजेचे लक्षण. कॅन्सरचे सहसा नव्हे. ‘फॅट हॅलो’ म्हणजे मधल्या थरात चरबी. ती जुन्या दाहात दिसते, पण लठ्ठ निरोगी माणसातही दिसते, म्हणून एकट्या त्या शब्दावर कोणी ‘तुम्हाला क्रोन्स (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह) आहे’ म्हणत असेल तर थांबा. भिंतीचे थरच ओळखू येत नाहीत आणि ती एकसंध करड्या रंगाची आहे, असे असेल तर ट्यूमर किंवा जुने व्रण भरून आलेले कडक आतडे, या दोन शक्यता.

भोवतालची चरबी धुरकट झाली असेल तर ‘फॅट स्ट्रँडिंग’ लिहितात. भिंतीच्या जाडीच्या मानाने ती खूप जास्त असेल, तर मूळ आजार भिंतीत नसून शेजारी असतो: अपेंडिक्स, डायव्हर्टिक्युलायटिस (मोठ्या आतड्याच्या भिंतीवरच्या छोट्या पिशव्यांचा दाह) किंवा एपिप्लोइक अपेंडजायटिस (मोठ्या आतड्याला लटकणाऱ्या चरबीच्या गोळ्याचा दाह). हे शेवटचे बहुधा ऑपरेशनशिवाय, वेदनाशामकांवर बरे होते.

पायरी ६: जागा कोणती, आणि इथे सर्वांत जास्त वेळ द्या

विदर्भात या रिपोर्टमध्ये वारंवार येणारी जागा म्हणजे उजवीकडे खाली, जिथे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते. रिपोर्टमध्ये ‘टर्मिनल इलियम’, ‘इलिओसिकल जंक्शन’, ‘सीकम’ असे लिहिलेले असते. इथे टायफॉइडनेही भिंत सुजते, पण तो ताप सुरू झाल्याला दोन-तीन आठवडेच झालेले असतात. अमिबाचा आजार सीकमला धरतो आणि लहान आतड्याचे टोक सहसा सोडून देतो. त्यासाठी संडासाचा नमुना ताजाच तपासावा लागतो, सकाळचा डबा दुपारी नेऊन उपयोग नाही. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी उतरलेल्या रुग्णाला इथेच टिफ्लायटिस, म्हणजे सीकमचा दाह, होतो. त्याला त्या अवस्थेत दुर्बीण घालत नाहीत.

त्रास महिनोन्‌महिने चालला असेल, वजन उतरले असेल, जेवणानंतर मुरडा येऊन पोटात गुडगुडत असेल, तर खरा प्रश्न टीबी की क्रोन्स हा असतो. भल्याभल्यांची इथे परीक्षा होते, कारण दोन्ही आजार दुर्बिणीतही सारखे दिसू शकतात आणि दोघांचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध जातात. क्रोन्ससाठी दिलेले स्टेरॉइड टीबी असताना दिले तर टीबी अंगभर पसरू शकतो. क्रोन्स असताना टीबीची औषधे दिली तर सहा महिने वाया जातात आणि तेवढ्यात आतडे अरुंद होत जाते.

सीटीवरून कल कसा बांधतात ते बघा. पोटातल्या लिम्फच्या गाठींचा मध्य काळा, म्हणजे ‘नेक्रोटिक’ आहे, पोटात पाणी आहे, पेरिटोनियम (पोटाचे आतले अस्तर) जाड आहे, सीकम आक्रसून वर ओढला गेला आहे, तर कौल टीबीकडे. आजारी भाग अनेक आहेत आणि मधले आतडे निरोगी आहे, पट्टे लांब आहेत, मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) बाजूची भिंत जास्त जाड आहे, रक्तवाहिन्या कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या दिसतात, म्हणजे ‘कोम्ब साइन’, गुदद्वाराजवळ भगेंद्र आहे, तर कौल क्रोन्सकडे. काळा मध्य असलेल्या गाठी सोडल्या तर यातले एकही चिन्ह एकटे पुरेसे नाही.

छातीचा एक्स-रे साफ आला म्हणून पोटाचा टीबी नाही, असे मानू नका. पोटाच्या टीबीत छाती साफ असणे नेहमीचे आहे. मँटू किंवा टीबी गोल्ड चाचणी पॉझिटिव्ह आली तरी त्याचा अर्थ जंतूशी कधीतरी संबंध आला एवढाच, आणि आपल्याकडे तो पुष्कळ निरोगी लोकांचा आलेला असतो. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी सांगणाऱ्या चाचण्यांवर तर भारत सरकारने २०१२ सालीच बंदी घातली आहे; अजून कोणी सुचवली तर नाही म्हणा.

बाकीच्या जागा थोडक्यात. मोठ्या आतड्याचे डावीकडचे वरचे वळण, स्प्लेनिक फ्लेक्शर, इथे दोन धमन्यांच्या हद्दी मिळतात, म्हणून वृद्धांत रक्तदाब घसरला की पहिली सूज तिथे येते. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे गुदाशयाच्या आधीच्या वळणात, डायव्हर्टिक्युलायटिस आणि कॅन्सर यांची गल्लत होते: १० सेंटिमीटरपेक्षा लांब, हळूहळू निमुळता होणारा भाग आणि मेसेंटरीत पाणी हे पहिल्याचे, तर छोटा भाग आणि शेजारी मोठ्या गाठी हे दुसऱ्याचे लक्षण. उजव्या मोठ्या आतड्याला सूज आणि सोबत सिरोसिस, तर ती बहुधा पोर्टल शिरेतल्या दाबामुळे असते. अँटिबायोटिकचा कोर्स होऊन जुलाब लागले आणि मोठे आतडे सेंटिमीटरभर जाड झाले, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूची टॉक्सिन चाचणी मागा.

दोन कारणे सहज सुटतात, कारण रुग्ण सांगत नाही आणि कोणी विचारत नाही. एक, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी घेतलेले रेडिएशन. त्याचा परिणाम गुदाशयावर आणि ओटीपोटातल्या आतड्यांवर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी दिसतो. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल किंवा जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसारख्या ठिकाणी पूर्वी उपचार झाले असतील तर ती जुनी फाइल सोबत हवीच. दुसरे, रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या. वर्षानुवर्षे घेतल्यावरही यांच्यामुळे लहान आतड्याला अचानक सूज येऊन पोटदुखी आणि उलट्यांचे झटके येऊ शकतात. गोळी बदलली की प्रश्न मिटतो.

पायरी ७: रक्त आणि संडासाच्या तपासण्या

सीबीसी, सीआरपी, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, एचआयव्ही, संडासाची साधी तपासणी आणि गरजेप्रमाणे कल्चर. फीकल कॅलप्रोटेक्टिन (दाह असताना संडासात वाढणारे प्रोटीन) ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर आतड्यात मोठा दाह असण्याची शक्यता कमी. २५० च्या वर असेल तर दाह नक्की आहे, पण तो टीबीचा, क्रोन्सचा की संसर्गाचा, ते या चाचणीला कळत नाही. गुडघेदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्याही हा आकडा वाढवतात आणि लहान आतड्यात व्रणही करतात, म्हणून त्या घेत असाल तर आधी सांगा. पोटात पाणी असेल तर ते सुईने काढून त्यातले एडीए नावाचे एन्झाइम तपासतात. ४० च्या वर आकडा टीबीला पुष्टी देतो.

पायरी ८: दुर्बीण आणि तुकडा

जुनाट त्रास असेल किंवा सीटीत फोकल जाडी असेल, तर पुढचे पाऊल कोलोनोस्कोपी. ती करताना मोठ्या आतड्याच्या टोकाशी न थांबता टर्मिनल इलियममध्ये जाऊन बघायला हवे, आणि रिपोर्टमध्ये तसे लिहिलेले हवे. डायव्हर्टिक्युलायटिसचा ताजा झटका असेल तर मात्र ६ ते ८ आठवडे थांबून मग करतात, कारण सुजलेली भिंत फुटू शकते.

तयारीत बहुतेक गोंधळ खाण्यावरून होतो. आधीचे तीन दिवस पांढरा भात, गाळलेले मुगाच्या डाळीचे पाणी, ताक, ब्रेड एवढ्यावर राहा. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, तीळ, वांगी, टोमॅटो, पेरू आणि संत्र्याच्या फोडी बंद. बिया आणि चोथा आतड्याला चिकटतात आणि दुर्बिणीचे तोंड अडवतात. संत्र्याचा गाळलेला रस चालतो. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवा, त्यांनी आतला भाग काळा पडतो. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांपैकी काही सुरू असेल तर स्वतःहून थांबवू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. पॉलिएथिलिन ग्लायकॉलचे द्रावण अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे त्या दिवशी पहाटे घेतल्यास आतडे जास्त स्वच्छ होते. शेवटी बाहेर पडणारे पाणी पिवळसर आणि आरपार दिसणारे हवे.

तुकडे घेताना एक गोष्ट नातेवाइकांनी आधीच विचारून ठेवावी: बाटल्या किती भरणार? फॉर्मॅलिनच्या बाटलीतला तुकडा पॅथॉलॉजीसाठी ठीक, पण फॉर्मॅलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात आणि कल्चर होत नाही. म्हणून व्रणाच्या कडेतून आणि तळातून मिळून सहा-आठ तुकडे घेऊन त्यांतले काही नुसत्या सलाइनच्या बाटलीत, सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी, वेगळे पाठवावे लागतात. सीबीनॅट निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असे ठरत नाही, कारण आतड्याच्या टीबीत जंतू थोडे असतात. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. ही सलाइनची बाटली राहून गेली, तर पुन्हा सगळी तयारी करून दुर्बीण घालावी लागते.

तुकडा घेण्याआधी टीबीची औषधे किंवा स्टेरॉइड ‘बघू या फरक पडतो का’ म्हणून सुरू करू नका. लिवोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिकही टीबीच्या जंतूंना दाबून कल्चर बिघडवतात.

पायरी ९: उपचार सुरू झाल्यावर

सगळे करूनही टीबी आणि क्रोन्स वेगळे काढता आले नाहीत, तर तज्ज्ञ विचारपूर्वक टीबीचे उपचार आधी देतात. मग दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते बघतात. नुसते बरे वाटले एवढ्यावर टीबी होता असे ठरवता येत नाही. क्रोन्सच्या रुग्णालाही सुरुवातीला बरे वाटू शकते. व्रण तसेच असतील तर निदान पुन्हा उघडायचे. ही दुसरी दुर्बीण टाळू नका. टीबी बरा झाल्यावरही आतड्याचा अरुंद झालेला भाग तसाच राहू शकतो, म्हणून नंतरच्या सीटीत भिंत जाड दिसली याचा अर्थ औषध लागू पडले नाही असा होत नाही.

टीबीची औषधे राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातून मोफत मिळतात, खासगी दवाखान्यात निदान झाले तरीही. निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंदणी झाली की पोषणासाठी दरमहा १००० रुपये खात्यात येतात; नोव्हेंबर २०२४ आधी ही रक्कम ५०० होती. भरती किंवा ऑपरेशन लागणार असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसते ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरतीआधीच विचारा. पोटविकाराच्या तज्ज्ञांकडे जायचे असेल तर मेडिकलच्या सुपर स्पेशालिटीत तो विभाग आहे. खासगी तज्ज्ञ बहुतेक धंतोली आणि रामदासपेठेत.

सीटी पुन्हा करावा लागला तर

दर वेळी सीटीच हवा असे नाही. पोटाच्या एका सीटीतले रेडिएशन निसर्गातून वर्षभरात मिळणाऱ्या रेडिएशनच्या तीन-चार पट असते. तरुण रुग्णाला क्रोन्ससाठी वारंवार बघायचे असेल तर सोनोग्राफी किंवा एमआर एन्टेरोग्राफी (एमआरआयने केलेली आतड्याची तपासणी) होते का, ते विचारा.

कॉन्ट्रास्ट घेणार असाल तर क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट न्या. पूर्वी कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठले असेल, दम लागला असेल तर इंजेक्शनच्या आधी सांगा. किडनीचे काम फार कमी, म्हणजे ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन त्या दिवसापासून ४८ तास बंद ठेवून क्रिएटिनिन पुन्हा तपासतात. चार ते सहा तास घन अन्न बंद, पण साधे पाणी बहुतेक सेंटरवर दोन तास आधीपर्यंत चालते. आपल्या सेंटरला विचारून घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना चंद्रपूरहून पहाटेपासून पाणीही न पिता निघालेला रुग्ण सुकलेल्या अवस्थेत टेबलावर चढतो, आणि अशा वेळी किडनीला धोका वाढतो. सिकलसेल असलेल्यांनी तर हे फारच जपावे, कारण अंगातले पाणी कमी झाले की क्रायसिस येऊ शकते. स्कॅनच्या आणि कोलोनोस्कोपीच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘सिकलसेल’ मोठ्या अक्षरात लिहून घ्या, आणि सकाळची पहिली वेळ मागा.